धोका सांगण्याचा हक्क आहे, थांबण्याचा नाही

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता एकाच दिवशी अंमलात आणल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधी पक्ष बहिष्कारावर असताना, राज्यसभेने संमत केली होती. पाच वर्षे ती कागदावर राहिली आणि अखेर कामगार संघटनांच्या विरोधाला न जुमानता लागू झाली. फॅक्टरी ॲक्ट, खाण कायदा, कंत्राटी कामगार कायदा धरून तेरा कायदे तिच्या पोटात गेले. कामगाराला सुरक्षित व निरोगी कामाच्या जागेची हमी मिळाली, असा तिचा डांगोरा सरकार पिटत आहे. या दाव्याची परीक्षा करावयाची तर ती पोलादाच्या कारखान्यात किंवा तेलशुद्धीकरण प्रकल्पात करून भागणार नाही. तेथे निदान युनियन असते, सेफ्टी ऑफिसर असतो, फाटकावर फलक असतो. ही परीक्षा चंदीगडच्या सेक्टर २२ सारख्या ठिकाणी झाली पाहिजे.

सेक्टर २२ हा चंदीगडमधील सर्वांत आधी वसलेल्या भागांपैकी एक. फाळणीत लाहोर गेल्यानंतर पंजाबसाठी नवी राजधानी उभारली गेली आणि ल कॉर्बुझिए यांनी तिचा आराखडा केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु सेक्टर २२ ची घरे, दुकाने व रस्ते यांवर छाप आहे ती प्रामुख्याने जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय या इंग्रज वास्तुविशारद दांपत्याची. कमी पगाराच्या सरकारी नोकरालाही घरात ऊन यावे, वारा खेळावा, शाळा व बाजार पायी जाण्याच्या अंतरावर असावा, हा त्यामागील विचार होता. माणसाने जेथे राहावयाचे त्या जागेचा इतका विचार झालेले शहर भारतात दुसरे क्वचितच सापडेल. माणसाने जेथे राबावयाचे त्या जागेचे काय? आज सेक्टर २२ हा शहरातील गजबजलेला बाजार आहे. मोबाइल विक्री व दुरुस्तीची दुकाने, हॉटेले, कपड्यांची दुकाने, पथारीवाले अशी तेथील वस्ती. अशा बाजारात दर्शनी भागात काच आणि दिवे असतात. गॅसची सिलिंडरे, भट्टी, डाग देण्याचा धूर, फुगलेल्या बॅटऱ्या आणि माळ्यावर नेणारा अरुंद जिना हे सारे मागच्या बाजूला असते. एकेका दुकानात दोन, चार, फार तर सात-आठ नोकर.

आणि संहिता सुरू होते दहा कामगारांपासून.

नवव्या कामगाराची फुप्फुसे दहाव्याहून वेगळी असतात काय, असा प्रश्न कोणीही शहाणा माणूस विचारील. सरकारचे उत्तर असे की, केंद्राने धोकादायक किंवा जीवघेणा म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना ही संख्येची अट लागू नाही. म्हणजे एखादा धोका धोका ठरण्यासाठी आधी राजपत्रात यावा लागेल. तोपर्यंत गळणारी गॅसची नळी ही मालक आणि नोकर यांच्यातील खासगी बाब. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३ कोटी १३ लाख माणसे मोजली गेली. सरासरी पडते एका आस्थापनेमागे सव्वादोन माणसे. देशातील बहुसंख्य कामाच्या जागा या दहाच्या उंबरठ्याबाहेर आहेत, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको. राज्यांचा रोखही त्याच दिशेने आहे. पंजाब सरकारने २०२५ मध्ये वीसपर्यंत कर्मचारी असलेल्या दुकानांना १९५८ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचे ठरविले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही त्याच वर्षी आपल्या कायद्यातील मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. दोन राज्यांत दोन भिन्न पक्षांची सरकारे. दुकानदाराला मोकळीक देण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे एकमत व्हावयास वेळ लागला नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडलेला गलाई कामगार देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचला आहे. सोन्यातून चांदी व तांबे वेगळे काढण्यासाठी तो नायट्रिक ॲसिड वापरतो. त्यातून उठणारा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. या वायूचा कपटीपणा असा की, छातीत गेल्यावर लगेच फारसे काही जाणवत नाही. थोडा खोकला येतो, माणूस काम संपवून खोलीवर जातो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. तोवर दुकानाला कुलूप लागलेले असते. मृत्यू कामावर झालाच नाही, असे म्हणण्याची सोय मालकाला वायूनेच करून दिलेली असते. बोळातील एका खोलीत भट्टी, दोन-तीन माणसे, एक पंखा. ही आस्थापना कोणत्या निरीक्षकाच्या वहीत आहे? १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील एका फरसाणच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार मेले. कामाची जागा हीच निजण्याची जागा असणे हे छोट्या धंद्यात नवल नाही. अशा कामगाराला धोक्यापासून दूर जा म्हणणे म्हणजे घर सोड म्हणण्यासारखेच आहे.

आता उंबरठ्याच्या आत काय आहे ते पाहू जाता, तेथेही निराशाच पदरी येते. संहितेच्या चौदाव्या कलमात कामगाराचे हक्क सांगितले आहेत. आपल्या आरोग्यास व सुरक्षेस बाधक अशा गोष्टींची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क त्याला आहे. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका संभवतो अशी रास्त भीती वाटली तर तो स्वतः किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. मालकाला पटले तर त्याने लगेच उपाय करावा व निरीक्षकाला अहवाल पाठवावा. न पटले तर प्रकरण निरीक्षकाकडे सोपवावे आणि धोका आहे की नाही याबाबत निरीक्षकाचा निर्णय अंतिम मानावा. कलम येथे संपते. कामगाराने कळविल्यापासून निरीक्षक येईपर्यंत जो वेळ जाईल, तास असो की आठवडा, त्या वेळात कामगाराने कोठे उभे राहावयाचे? यंत्रासमोर की यंत्रापासून दूर? कलमात उत्तर नाही. उत्तर नाही याचा व्यवहारातील अर्थ एकच होतो: यंत्रासमोर.

ही उणीव आजची नाही, हेही नमूद केले पाहिजे. चौदाव्या कलमाचा मजकूर फॅक्टरी ॲक्टच्या ४१-एच या कलमावरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे आणि ते कलम कायद्यात आले ते १९८७ साली, भोपाळच्या प्रेतांच्या राशीवरून. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. त्यानंतर १९८२ मध्ये तेथील युनियनने पत्रके काढून शहराला इशारा दिला. राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या साप्ताहिकातून तेच सांगितले. कोणी ऐकले नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हजारो माणसे मेली. त्या घटनेतून संसदेने धडा घेतला तो असा की, कामगारांचे इशारे ऐकण्याची कायदेशीर सोय असावी. वस्तुतः भोपाळचा धडा त्याहून पुढचा होता. इशारा भोपाळमध्ये दिला गेलाच होता. कमतरता होती ती इशारा धुडकावला गेल्यावर काम बंद ठेवण्याच्या अधिकाराची, आणि नेमका तोच अधिकार १९८७ मध्ये मिळाला नाही, २०२० मध्येही नाही. उलट ४१-एच हे कलम निदान धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत ठामपणे उभे होते. त्याच्या भोवती कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती सक्तीची होती. नव्या संहितेत सुरक्षा समिती सरकारने आदेश काढला तरच. आणि निरीक्षकाच्या नावापुढे ‘सुविधाकर्ता’ हे बिरुद लागले आहे. तपासणी कोठे व्हावयाची ते संगणक ठरविणार. भारताने १९४९ सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८१ व्या कराराला मान्यता देऊन कामाच्या जागेत पूर्वसूचनेशिवाय शिरण्याचा अधिकार असलेला निरीक्षक ठेवण्याचे बंधन पत्करले होते. तो निरीक्षक आता कोणाची सुविधा पाहणार हे वेगळे सांगावयास नको.

कामगाराने तरीही काम थांबविले तर? येथे दुसरी संहिता, औद्योगिक संबंधांची, दारात उभी असते. पूर्वी संपाची नोटीस सक्तीची होती ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती. आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत १४ दिवसांची नोटीस दिल्यावाचून केलेला संप बेकायदा. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप. बेकायदा संपाबद्दल एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. एखाद्या विभागातील कामगार टाकीतून वायू गळतो म्हणून एकत्र बाहेर पडले, तर त्याला संप म्हणण्याची वाट मालकाच्या वकिलाला मोकळी आहे. टाकीने मात्र १४ दिवसांची नोटीस द्यावी अशी तरतूद कोणत्याही संहितेत नाही. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली. आठ वर्षांपूर्वी, २६ मे २०१६ रोजी, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात स्फोट होऊन १२ जण गेले होते. ७ जून २०२१ रोजी मुळशीतील उरवडे येथे सॅनिटायझर करणाऱ्या कारखान्याच्या आगीत १७ कामगार मेले, त्यांत १५ बाया होत्या. यांपैकी कोणाला नोटिशीइतका वेळ मिळाला?

धोक्यापासून मागे सरण्याचा हक्क ही काही भाबडी कल्पना नव्हे. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही तो न्यायालयाने मान्य केला आहे. ओहायो राज्यातील मॅरियन येथील व्हर्लपूल कंपनीच्या कारखान्यात, जमिनीपासून सुमारे वीस फुटांवर बसविलेल्या तारेच्या जाळीवरून एक कामगार जून १९७४ मध्ये खाली पडून मेला. बाराच दिवसांनी दोघा कामगारांना त्याच जाळीवर चढण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला. कंपनीने त्यांना उरलेल्या पाळीचे वेतन कापून घरी पाठविले व लेखी ताकीद दिली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कामगारांच्या बाजूने कौल दिला. स्वीडनमध्ये तर १९७४ पासून कामगारांचा सुरक्षा प्रतिनिधी तातडीच्या धोक्याच्या प्रसंगी सरकारी निरीक्षक येईपर्यंत काम थांबवू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराने जीविताला तातडीचा व गंभीर धोका आहे असे मानण्यास रास्त कारण असलेला कामगार कामावरून दूर झाला तर त्याला त्याचे दुष्परिणाम भोगावे लागू नयेत असे सांगितले. जून २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाची जागा हे त्या संघटनेने मूलभूत तत्त्वांत समाविष्ट केले. त्या वेळी हा १५५ वा करार स्वीकारलेल्या देशांत भारत नव्हता.

याचा अर्थ भारतातील कामगाराच्या हाती काहीच नाही असा नाही, आणि तसे म्हणणे हे चळवळीला निःशस्त्र करण्यासारखे होईल. भरपाईचा हक्क जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या पाच हजारांवर गिरणीकामगारांच्या सह्यांनिशी जे निवेदन दिले, त्यात साप्ताहिक सुटीबरोबरच कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी द्यावी ही मागणी होती. तिचा अंश कायद्यात उतरावयास १९२३ साल उजाडावे लागले. ओरिसातील एका सिनेमागृहात सजावटीचे काम करताना पडून डावा हात कोपरापासून गमावलेल्या सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे अंशतः नव्हे तर पूर्ण अपंगत्व आहे आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. हा निर्णय प्रत्येक युनियनच्या कार्यालयात असावयास हवा. जानेवारी १९९५ मध्ये ॲसबेस्टॉसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवण्याचा हुकूम दिला. घटनेच्या ३९ व्या व ४२ व्या कलमांचा आधार त्यात घेतलेला आहे. हा हक्क दहाव्या कामगारापासून सुरू होत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा गुन्हाही, भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखालचा, दुकानातील डोकी मोजून ठरत नाही.

पोटनियमांतही एक फट आहे, तिचा उपयोग फारच थोड्या युनियनांनी केला आहे. नमुना स्थायी आदेशांनुसार वरिष्ठाचा हुकूम मोडणे हे गैरवर्तन ठरते ते तो हुकूम कायदेशीर आणि वाजवी असेल तरच. गळणाऱ्या टाकीत उतरण्याचा हुकूम वाजवी कसा? हा मुद्दा चौकशी अधिकाऱ्यासमोर पहिल्या दिवशी लेखी मांडला गेला पाहिजे. बडतर्फीनंतर तो सुचून फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी तक्रार आधी लेखी हवी: तारीख, वेळ, यंत्राचे नाव, धोक्याचे स्वरूप, दोघांच्या सह्या, मालकाला एक प्रत आणि त्याच दिवशी निरीक्षकाला दुसरी. संहितेने ठरविलेल्या कामगारांसाठी वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने आरोग्य तपासणी सांगितली आहे. तिचा कागद कामगाराच्या हाती पडतो की नाही, हे युनियनने पाहावयाचे. वेतनकराराच्या वाटाघाटींत महागाई भत्त्याइतकाच आग्रह एका कलमासाठी धरला जावा: धोक्याची लेखी सूचना दिल्यानंतर निरीक्षकाचा निर्णय होईपर्यंत त्या जागेपासून दूर राहणाऱ्या कामगाराचे वेतन कापले जाणार नाही व त्याच्यावर कारवाई होणार नाही. कायदा देत नाही ते करारातून मिळविणे ट्रेड युनियन चळवळीला नवीन नाही.

राहता राहिला सेक्टर २२. तेथे करार कोणाशी करावयाचा? तीन नोकरांच्या दुकानात युनियन होत नाही, आणि झाली तर दुसऱ्या दिवशी दोनच नोकर उरतात. अपघातांची मोजदादही या जागांना वगळूनच होते. केंद्राच्या श्रम ब्युरोचे कार्यालय त्याच चंदीगड शहरात आहे, कारखान्यांतील सुरक्षेचे सल्लागार महासंचालनालय मुंबईत सायनला आहे आणि औद्योगिक अपघातांचे त्यांचे आकडे मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांचे असतात. दुकानाच्या माळ्यावर भाजलेला पोरगा या तक्त्यांत सापडत नाही. म्हणून आस्थापना हा एकक धरून चालणार नाही. बाजार हा एकक धरला पाहिजे. स्वीडनमधील युनियना छोट्या कामाच्या जागांसाठी प्रादेशिक सुरक्षा प्रतिनिधी नेमतात. तो त्या दुकानाचा नोकर नसतो, त्यामुळे त्याला काढून टाकण्याचा अधिकार दुकानदाराला नसतो. पण स्वीडनपर्यंत जाण्याची तरी काय गरज? महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच तत्त्व प्रत्यक्षात आणून दाखविले. शेकडो व्यापाऱ्यांकडे विखुरलेल्या हमालांची नोंद एका मंडळाकडे झाली, व्यापाऱ्यांनी मंडळाकडे लेव्ही भरावयाची, आणि ‘तू माझा नोकर नाहीस’ हे वाक्य निरुपयोगी ठरले. या संघटित शक्तीच्या जोरावरच वाशीच्या बाजारात ५० किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही असे माथाडी म्हणू शकले. धोक्याच्या कामाला नकार देण्याचा हक्क कोणत्याही संहितेत नसताना त्यांनी तो वापरला.

चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश आहे, तेथे राज्य सरकारकडे बोट दाखवून केंद्राला सुटका करून घेता येत नाही. सेक्टर २२ मधील दुकाने, हॉटेले व दुरुस्तीच्या गाळ्यांसाठी एक बाजार मंडळ, त्यात नोकरांची संख्या न पाहता प्रत्येकाची नोंद, दुकानदारांच्या वर्गणीतून उपचार व भरपाईचा निधी, आणि कामगारांनी निवडलेला असा सुरक्षा प्रतिनिधी की ज्याला कोणत्याही गाळ्यात शिरून धोका दिसताच काम थांबविता येईल: ही मागणी तेथील कामगार संघटनांनी प्रशासनासमोर आणि केंद्रीय श्रम मंत्रालयासमोर ठेवावयास हवी. त्याच मागणीचा मसुदा सराफ बाजारांतील गलाई कामगारांसाठी विट्यात आणि आटपाडीत, फरसाणच्या व कपड्यांच्या गाळ्यांसाठी साकीनाक्यात व उल्हासनगरात तयार व्हावा. संहितेखालचे राज्याराज्यांचे नियम ठरत असताना हरकती नोंदविण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. त्या मुदतीत दहाची मर्यादा रद्द करण्याची आणि चौदाव्या कलमाला वेतनासह दूर राहण्याच्या हक्काची जोड देण्याची हरकत प्रत्येक युनियनने स्वतंत्रपणे, सभासदांच्या सह्यांनिशी पाठवावी.